वाढत्या अंगाची सायकल

श्रोतेहो, बेताच्या प्राप्तीच्या गृहस्थाने सर्व कामांस उपयोगी पडेल अशी नवी सायकल कशी निवडावी, हा विषय मला नेमून दिलेला आहे. निरनिराळ्या कंपन्यांचे गुणदोष दुकानदार माझ्याहून अधिक उत्साहाने सांगेल, म्हणून ते काम त्याच्याकडे सोपवून मी माझी मिनिटे मुख्यतः सायकलीच्या उंचीवर खर्च करणार आहे.

पुण्यातला मध्यमवर्गीय पालक चिरंजीवांसाठी सायकल घ्यावयास जातो तेव्हा २२ इंची फ्रेम समोर असूनही त्याचे बोट २४ इंचीकडे वळते, कारण मुलगा अजून वाढणार आहे. सदरा शिवतानाही आपण हाच हिशेब करतो. परंतु वाढत्या अंगाच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, आणि आत राखलेले कापड वर्षभराने आईला टीप उसवून सोडता येते. मोठ्या फ्रेमला दुमड कशी घालणार? सीट खाली घेता घेता फ्रेमला टेकली की मामला संपला. मग तो मुलगा कंबर डावीउजवीकडे झुलवीत, पायाच्या बोटांनी पायडल चाचपीत शाळेस जातो, आणि लक्ष्मी रस्त्यावर कोणी आडवे आले की ब्रेक लागूनही पाय जमिनीस न पोहोचल्यामुळे कलंडतो. राखीव कापड असते ते लहान फ्रेममध्ये! मुलगा वाढेल तशी सीट वर घ्यावी, मात्र सीटची दांडी निदान अडीच इंच आत राहू द्यावी.

आता उंची तपासावी कशी ते सांगतो, कारण दुकानात रंग आणि घंटी पाहून तिचा विसर पडतो. वहाणा घालून मधल्या दांडीच्या दोहों बाजूंस पाय टेकून उभे राहावे. दांडीवर दोन बोटे तरी जागा मोकळी हवी. नंतर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल अगदी खाली असता गुडघा सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. दुकानदार आठ्या घालील. घालू द्या.

डायनामो, चेनकव्हर यांची तजवीज पुढच्या पगारावर टाकता येते, फ्रेमची येत नाही. दळणाचा डबा पेलणारा कॅरियर आणि साधा दिवा मात्र आधीच घ्यावा. घरात एकच सायकल असून ती कन्येने कॉलेजास व वडिलांनी धोतर नेसून कचेरीस न्यावयाची असेल, तर मधली दांडी नसलेली लेडीज सायकल घेण्यात पुरुषांनी संकोच का मानावा, हे मला उमगलेले नाही.

आता चढाविषयी. पुढे ४८ दात्यांचे चक्र व मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असता पायडलच्या एका फेऱ्यास मागचे चाक पावणेतीनच्या जवळपास फेरे घेते. २० दात्यांचे बसविले तर अडीचहून कमी, म्हणजे वेग थोडा जातो, पण पर्वतीकडचा चढ... परंतु स्टुडिओच्या काचेपलीकडून मला घड्याळ दाखविले जात आहे, आणि पावसात ओल्या रिमवर ब्रेकचे रबर कसे घसरते हे तर राहिलेच. असो. खरेदीस जाताना मुलाला बरोबर न्या. पुष्कळ वडील त्याला घरी ठेवूनच सायकल आणतात.