ट्रॉलीचा मागचा दिवा आणि फ्यूज
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आधीच्या वक्त्यांनी सांगितले, आयातीवरही सांगितले. आमच्याकडे विषय आला आहे ट्रॉलीच्या मागच्या दिव्याचा. हसू नका. कापूस जिनिंगला निघतो तेव्हा दिवस लहान असतात. रांगेत नंबर लागून काटा होईपर्यंत सांज होते आणि परतीची वाट अंधारातच कापावी लागते. आपला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललेला, मागून ट्रक ८०ने येतो. फरक ६०चा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ट्रकवाल्याला आपली ट्रॉली ५० मीटरवर दिसली तर त्याच्या हातात फक्त तीन सेकंद उरतात. पुढे काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि पंचनाम्यात ‘ट्रॉलीला मागे दिवा नव्हता’ एवढी एक ओळ आली की गेलेला माणूसही आपला आणि दोषही आपला.

दिवा लागत नाही म्हटले की आपण बल्ब बदलतो. एकच दिवा गेला असेल तर दोष बहुधा बल्बचा किंवा गंजलेल्या होल्डरचा. पण मागचे सगळे दिवे एकदम गेले, तर आधी फ्यूज बघायचा. फ्यूजची पेटी बहुतेक ट्रॅक्टरांत स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आत नाहीतर बोनेटखाली बॅटरीच्या आसपास असते. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा कंपनीच्या पुस्तकात नकाशा असतो: कोणता फ्यूज कोणत्या दिव्याचा, किती ॲम्पिअरचा. आपल्याकडे पुस्तक ट्रॅक्टरच्या पूजेनंतर जे गुंडाळून ठेवतात ते पुन्हा निघत नाही. नकाशा पुसला असेल तर टेस्ट लॅम्प घ्या. त्याचा चिमटा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला लावा, दिव्याचे बटण चालू करा आणि टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंना टेकवा. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तोच उडाला.

आता नवा किती ॲम्पिअरचा घ्यायचा? जेवढा लिहिला आहे तेवढाच. हिशोब मात्र समजून घ्या, कारण दुकानदार हाताला येईल तो देतो. बल्बचे वॅट १२ व्होल्टने भागा, ॲम्पिअर निघतात. पुढचे दोन दिवे ५५ वॅटचे, म्हणजे ११० वॅट, म्हणजे नऊ-सव्वानऊ ॲम्पिअर. एकाच फ्यूजवर असतील तर १०चा काठावर येतो, म्हणून तिथे १५चा असतो. मागचे पार्किंगचे बल्ब ५-५ वॅटचे. ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉलीचे दोन धरले तरी दोन ॲम्पिअर होत नाहीत. तिथे ५ किंवा फार तर ७.५चा पुरतो. त्या जागी ३०चा बसवणारा मिस्त्री आपले काम करत नाही, आपल्याला परत पाठवतो आहे.

चपट्या पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पण रंगावर विसंबू नका. चिनी मातीच्या कांडीवर उघडी पट्टी असलेला जो जुना फ्यूज येतो, त्यात लाल म्हणजे १६ आणि निळा म्हणजे २५. आकडा वाचायचा.

फ्यूज राखतो तो वायरीला. वायरीपेक्षा आधी त्याने वितळावे म्हणून तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. तिथे तांब्याची तार पिळली किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की दिवा लागतो खरा, पण शॉर्ट झाला तर वितळायला आता वायरच उरते. आणि ती वायर कापसाने भरलेल्या ट्रॉलीखालून गेलेली असते. वर्षाचे पीक पेटायला तेवढी एक ठिणगी पुरे.

नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसरा टाकू नका. ट्रॉलीचा प्लग काढा आणि मग फ्यूज बसवा. टिकला, तर दोष ट्रॉलीत. उडाला, तर ट्रॅक्टरमध्ये. बहुतेक वेळा ट्रॉलीतच सापडतो, आणि तोही हुकाजवळ, जिथे वायर वळणावर घासून उघडी पडते. तिथे रबरी नळी चढवून वायर थोडी सैल बांधा. फ्यूज बसवताना बटण बंद ठेवा, आणि वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण बाजू सोडा.

पोरांना ट्रॅक्टरवर जास्तीचे दिवे लावायची हौस असते. ५५ वॅटचे चार दिवे म्हणजे १८ ॲम्पिअर. ते जुन्या वायरीत जोडले की १५चा उडतो, मग ३०चा येतो, मग वायर तापते. लावायचेच तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, वेगळा फ्यूज आणि रिले घाला.

आणि कडबा! फ्यूज चांगला, बल्ब चांगला, पण कडब्याच्या पेंढ्या मागे लोंबतात आणि दिवा झाकून टाकतात. भरून झाल्यावर एकाने मागे जाऊन बघावे. लाल परावर्तक पट्ट्याही ट्रॉलीला असू द्या. फ्यूज वाटेत उडाला तरी मागच्याच्या उजेडात त्या चमकतात.

जादा फ्यूज, प्रत्येक आकड्याचे दोन-दोन, काडेपेटीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवा. एका चहाच्या पैशात एक येतो. बाहेर ट्रॅक्टर उभे आहेत. जेवणाआधी झाकण उघडून बघा. ज्याच्या पेटीत तार निघेल त्याने ती इथे टेबलावर आणून ठेवावी, बदली फ्यूज आम्ही आणले आहेत.