चारही चाकांचें बळ

पुण्यामुंबईचीं कित्येक कुटुंबें अलीकडे हिवाळ्याच्या सुटींत स्वतःच्या मोटारीनें मनालीपर्यंत जातात. रोहतांगखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा २०२० सालीं खुला झाल्यापासून लाहौलचा बर्फाळ प्रदेशही त्यांच्या आटोक्यांत आला आहे. हिमवर्षाव झाला म्हणजे तेथील पोलीस पुष्कळदां 'फोर-व्हील ड्राइव्ह' मोटारींनाच पुढें सोडतात. त्यावरून असा समज होतो कीं, अशी मोटार घेतली म्हणजे हिवाळ्याची चिंता मिटली. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

साध्या मोटारींत एंजिनाचें बळ दोनच चाकांना मिळतें. त्यांपैकीं एक चाक बर्फावर जागच्या जागीं फिरूं लागलें, कीं मोटार अडते. 'फोर-व्हील ड्राइव्ह'मध्यें तेंच बळ चारही चाकांत वांटलें जातें. म्हणून अशी मोटार चढ चढते, चिखलांतून निघते. परंतु हा सारा गुण पुढें जाण्याचा आहे. थांबविण्याचें काम ब्रेकांचें, आणि ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. अखेर मोटार थांबते ती टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणानें. ताशीं ४० किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून स्थूलमानानें ९ मीटरांत थांबते. गोठलेल्या निसरड्या रस्त्यावर तिला ६० मीटरही लागतात. येथें महागड्या मोटारीला कसलीही सवलत नाहीं. उलट, चढ सहज चढून गेल्यामुळें निसरडेपणाची जाणीवच होत नाहीं. आणि ती होते तेव्हां उतारावरचें वळण समोर आलेलें असतें.

खरा आधार टायरांचा. साध्या टायरांचें रबर सुमारें सात अंशांखालीं कठीण होऊं लागतें. हिवाळी टायरांचें मऊ राहतें. म्हणूनच जर्मनीनें २०१० सालीं बर्फाळ रस्त्यांसाठीं हिवाळी टायरांची सक्ती केली, 'फोर-व्हील ड्राइव्ह'ची नव्हे.

खेड्यापाड्यांतही हाच विवेक ठेवावा. ज्याला पावसाळ्यांत रोज मातीचा निसरडा चढ चढावयाचा आहे, त्याला चारही चाकांचें बळ हवेंच. वर्षांतून दोनदां गांवीं जाणाऱ्यास मोटारीच्या पोटाखालीं पुरेशी उंची आणि खोल नक्षीचे टायर बहुधा पुरतात. एकदांच बर्फ पाहावयास जाणाऱ्यानें तेथील माहितगार चालकाची मोटार भाड्यानें करावी. हिमवर्षाव सुरू असल्यास मुक्काम एक दिवस लांबवावा. मुलेंबाळें बरोबर असतां हा एक दिवस वायां गेला असें कोणी समजूं नये.