मटणाच्या धुराला लाकूड कुठलं?
(सोलापूर जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचं झालं, ज्वारीचं झालं. आता आम्ही सरपणाचं बोलणार आहोत, आणि तेही मटण धुरावर धरायच्या सरपणाचं. हसू नका. जत्रेला, कंदुरीला बोकड पडतं, पै-पाव्हणे जेवून जातात आणि उरलेलं वशाट दुसऱ्या दिवशी वास मारायला लागतं. ज्यांच्या घरात मांसाच्या तुकड्याला मोल होतं, त्यांनी ते कधी वाया घालवलं नाही. लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावून दोरीवर वाळवायच्या. त्या चान्या. मराठवाड्यातल्या दलितांच्या घरातल्या या जेवणावर शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तकच लिहिलं, २०१५ साली. त्याच साली बैलाच्या मांसावरही कायद्यानं बंदी आली, म्हणून आमचं आजचं बोलणं शेळी-बोकडापुरतं. नागालँडात डुकराचं मांस चुलीवर टांगून धुरवतात. आपल्या चुलीवरही धूर आहेच, फक्त तो डोळ्यांत जातो.

आधी एक गैरसमज काढू. धुरानं मांस टिकत नाही. टिकवतं ते मीठ आणि कोरडेपणा. लाकूड भडकून न जळता धुमसतं, तेव्हा त्याचा वास आणि रंग मांसावर बसतो, आणि त्या धुरातली काही द्रव्यं जंतूंना आवरतात, एवढंच. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढं जातो. त्या दिवसांत कच्चं मटण नुसतं कोमट धुरात टांगून ठेवणं म्हणजे ते नासवणं. हे काम थंडीतलं. तेसुद्धा किलोला २५-३० ग्रॅम मीठ चोळून, आणि मांस आतपर्यंत शिजेल एवढी धग देऊन. आत लाल राहिलं तर परत धगीवर ठेवायचं. आणि एवढं करूनही ते दोन दिवसांत संपवायचं. वर्षभर टिकेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता लाकूड. ज्या वेड्या बाभळीला आपण ओढ्याकाठी, पडीक रानात शिव्या देतो, तिच्याच कुळातलं झाड अमेरिकेत टेक्सासमध्ये मेस्क्विट म्हणून ओळखतात. तिथं त्या लाकडाच्या ढलप्या पिशवीत भरून दुकानात विकायला असतात, मांस धुरवायला! आपल्या बांधावर ती फुकट आहे, आणि तिचा काटा पायात मोडतो तोही फुकट. तिचा धूर मात्र उग्र असतो, थोडकाच द्यावा. गावठी बाभळीचा इंगळ जड आणि टिकाऊ, धग तिच्यावरच धरावी. आंबा, जांभूळ, पेरू, बोर यांचा धूर सौम्य. वाळलेली फांदी मिळाली तर ठेवून द्या.

आता नको ते. कण्हेर बिलकूल नको, ती विषारी आहे. रुई, शेर, निवडुंग, ज्यांना पांढरा चीक येतो ती सगळी नकोत. कडुनिंबाचा धूर कडू. खोक्याची पाइनची फळी नको, तिच्यात राळ असते. रंग दिलेलं दार, प्लायवूड, औषधाची खोकी, यातलं काहीही नको.

आणि पऱ्हाटी. ही आपली घरची, म्हणून जास्त सांगतो. चूल पेटवायला पऱ्हाटी ठीक, तिचा जाळ भस्सकन होतो, इंगळ राहत नाही. पण मांसाला तिचा धूर देऊ नका. हंगामभर त्या झाडावर आपण काय काय मारतो ते आपल्यालाच माहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आपलीच माणसं मेली. त्या औषधातलं काडीवर किती उरतं याचा हिशेब करत बसायला आपल्या घरात प्रयोगशाळा नाही. मग पोरांच्या ताटात तो धूर कशाला? सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबाच्या छाटणीचं, द्राक्षाच्या काड्यांचंही तेच. लाकूड चांगलं, फवारे भारी.

तोड संक्रांतीनंतर करा. बाभूळ ओली असतानाच फोडा. वाळल्यावर ती लोखंड होते, कुऱ्हाडीचा दांडा मोडेल पण ती फुटणार नाही. मनगटाएवढे तुकडे करा, साल काढा. सालीत धूळ-किडे असतात आणि तिचा धूर तुरट होतो. खाली दोन दगड, त्यावर आडवी लाकडं, मधून वारा जाईल अशी रचा. वर पत्रा, बाजू उघड्या. मृगाच्या आत बारीक तुकडे वाळतात, जाड ओंडक्याला वर्ष लागतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. ठणठणीत वाजले तर वाळले, बद्द वाजले तर ओले. टोकाला भेगा दिसल्या पाहिजेत. बुरशी धरलेलं, भुंग्यानं भुसा पाडलेलं बाजूला काढा. काहीजण ढलप्या पाण्यात भिजवतात. त्यानं नुसती वाफ होते, सहा महिने वाळवलेलं परत ओलं कशाला करायचं?

धूर पांढरा, दाट, डोळे झोंबणारा असेल तर मांस खाली उतरवा. तो ओल्या लाकडाचा किंवा कोंडलेल्या विस्तवाचा धूर, त्यानं मांस कडू होतं. पातळ, निळसर धूर पाहिजे. चरबी इंगळावर ठिबकू देऊ नका. तिची काजळी मांसावर बसते आणि तिच्यात कर्करोग करणारी द्रव्यं असतात. पिंप वापरायचं तर खाण्याच्या तेलाचं, कीटकनाशकाचं कितीही धुतलं तरी नाही. हे सगळं अंगणात, वाऱ्याच्या बाजूला. घरात चूल पेटवून बाईला दिवसभर धुरात बसवायचं आणि आपण पारावर बसून मटणाची वाट बघायची, हे चालणार नाही. विस्तव पुरुषांनी राखावा, आम्ही तर म्हणतो की लाकूडही त्यांनीच फोडावं.

हायवेवरचे धाबेवाले 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लावून चार पैसे जास्त घेतात. त्या चुलीखालचं लाकूड आपल्या बांधावरून उक्तं जातं, आणि उक्त्यात आपण नेहमीच बुडतो. पुढच्या वेळी वखारवाला आला की वाळवून, फोडून, काट्यावर तोलून द्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ आहेत, बाभूळ नाही. यादीतलं झाड तोडायचं तर आधी परवानगी काढा. बाभूळ असली तरी गाडी भरण्याआधी वाहतुकीचा नियम वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्या, आणि जे सांगतील ते लिहून मागा.