माध्यमिक शाळेची वार्ता पालकांच्या दारी



प्राथमिक शाळा गावात असते. तिची घंटा घरात ऐकू येते, गुरुजी पारावर भेटतात आणि मूल शाळेत गेले नाही तर शेजारीणही विचारते. माध्यमिक शाळेचे तसे नाही. पाचवी अगर आठवीनंतर ग्रामीण भागातील पुष्कळसे विद्यार्थी शेजारच्या मोठ्या गावी जातात. शाळा दोन-तीन कोसांवर, संस्था खाजगी, शिक्षक बहुधा तालुक्याच्या गावाहून येणारे आणि विषयागणिक निराळे. पालकाच्या दृष्टीने मूल सकाळी एस. टी. त बसते आणि सायंकाळी उतरते. मधल्या काळात काय घडते, याची वार्ता त्याला क्वचितच मिळते. निकालाच्या दिवशी मात्र सारे एकदम कळते, आणि तेव्हा करण्यासारखे थोडेच उरलेले असते.

शाळेची वार्ता पालकांना देणे हे सौजन्याचे अगर हौसेचे काम आहे, असा एक समज आहे. स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका धाडली, वर्षातून एक सभा घेतली, की कर्तव्य संपले, असे मानले जाते. वास्तविक माध्यमिक शाळेतील एखादी साधी सूचना वेळेवर घरी पोचली किंवा पोचली नाही, यावर मुलाचे शिक्षण टिकणे अथवा सुटणे अवलंबून असते.

लोकसहभागाची परंपरा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी पालकावरही असते, हे तत्त्व त्या तरतुदीने प्रस्थापित केले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच तत्त्वाची दुसरी बाजू दाखविली. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या गृहिणींनी मूठ मूठ धान्य बाजूला ठेवावयाचे, अशी मुष्टिफंडाची प्रथा त्यांनी रुजविली. मुष्टिफंडाने धान्य तर जमलेच. परंतु त्याहून मोठा लाभ असा झाला, की दळणाच्या वेळी मूठभर ज्वारी वेगळी काढणाऱ्या बाईला ती शाळा आपली वाटू लागली. मूठ न्यावयास आलेला कार्यकर्ता शाळेची हकीकत सांगत असे आणि घराची हकीकत शाळेत नेत असे. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, त्यामागे वार्तेच्या या देवघेवीतून जमलेला विश्वास उभा होता.

अनुदानाची पद्धत स्थिर झाल्यावर शाळांना धान्याची मूठ मागण्याची गरज राहिली नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुठीबरोबर चालणारे बोलणेही हळूहळू थांबले, ही हानी झाली.

कायद्याची चौकट आणि तिच्यातील पोकळी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम होय. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांमधील समितीचे स्वरूप सल्लागाराचे राहिले. शिवाय हा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे.

यातून निर्माण होणारी स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. मूल दारासमोरच्या शाळेत असते तेव्हा पालकाला समितीत जागा आहे, मत आहे. मूल दूरच्या शाळेत नववीत जाते, अभ्यास अवघड होतो, खर्च वाढतो, मुलीच्या लग्नाच्या गोष्टी घरात निघू लागतात. नेमक्या त्या दोन वर्षांत पालकाचा आणि शाळेचा संबंध सर्वांत सैल असतो.

ही पोकळी भरून काढण्याची साधने नाहीत असे नव्हे. शुल्क विनियमनासंबंधीच्या २०११ च्या राज्य अधिनियमान्वये खाजगी शाळांत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावयाचा असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक इच्छुकांमधून सोडतीने निवडले जातात. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयान्वये विद्यार्थ्यांच्या सुरक्षित वातावरणासाठी सखी सावित्री समित्या स्थापन करावयाच्या आहेत. समित्यांची वाण नाही. वाण आहे ती समितीच्या वहीतील ठराव पालकाच्या ओट्यावर पोचविणाऱ्या माणसाची.

कोणती वार्ता, कोणत्या वेळी

पालकाला सर्वच कळावे असे नाही. जे कळल्याने तो काही करू शकतो, ते वेळेवर कळावे. या दृष्टीने शालेय वर्षाकडे पाहिले असता काही टप्पे स्पष्ट दिसतात.

जून-जुलैत प्रवेश, पास आणि कागदपत्रे यांची माहिती हवी. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एस. टी. चा प्रवास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत मिळते. जून २०२५ मध्ये परिवहन महामंडळाने हे पास शाळेतच देण्याची मोहीम सुरू केली. परंतु मुलींना पास मोफत आहे हेच ज्या घराला ठाऊक नाही, तेथे ‘रोजचे भाडे कोठून आणावयाचे’ या एका प्रश्नावर मुलीची शाळा थांबू शकते.

दुसरा टप्पा आठवीचा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा इयत्ता आठवीत घेतली जाते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील विद्यार्थी तीस बसू शकतात; कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. निवड झालेल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे मिळून ४८,००० रुपये होतात. ही परीक्षा आठवी संपल्यावर देता येत नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला पाहिजे आणि निवड झाल्यावरही प्रतिवर्षी अर्जाचे नूतनीकरण केले पाहिजे. सूचनाफलकावर चिकटविलेला एक कागद वाचावयाचा राहिला, तर मजुराच्या घराचे केवढे नुकसान होते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तिसरा टप्पा दहावीच्या आवेदनपत्राचा. नाव, आईचे नाव, जन्मतारीख व जात यांच्या नोंदी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून पुढे प्रमाणपत्रावर जातात. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत योग्य पुराव्यानिशी दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटल्यावर तेच काम अतिशय कष्टाचे होऊन बसते. सबब आवेदनपत्र भरण्यापूर्वी या नोंदी पालकाला वाचून दाखविणे आणि त्याने होकार दिल्यावरच त्या पुढे धाडणे, हा प्रत्येक माध्यमिक शाळेचा नियम असावा.

चौथा टप्पा निकालानंतरचा. अनुत्तीर्ण मुलाच्या घरी त्या दिवशी शाळेचे कोणी जात नाही. वस्तुतः त्याच घरी जाण्याची खरी गरज असते. २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुन्हा परीक्षा घेतली जाऊ लागली. त्यापूर्वी अशा विद्यार्थ्यास ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. वर्ष फुकट गेलेले नाही, एवढे एक वाक्य त्या घरात वेळेवर उच्चारले गेले, तर मुलगा कामधंद्याला लावण्याचा आणि मुलगी उजविण्याचा निर्णय पुष्कळदा लांबणीवर पडतो.

हजेरीची वार्ता सर्वांत मोलाची

या टप्प्यांहूनही महत्त्वाची वार्ता अगदी साधी आहे : आज मूल शाळेत आले की नाही. शाळा सुटणे ही एका दिवसात घडणारी गोष्ट नव्हे. प्रथम आठवड्यातून एक दिवस, मग दोन दिवस, मग सुगीचा पंधरवडा, असे ते हळूहळू घडते. दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. परंतु पालकाला हा आकडा बहुधा तेव्हा कळतो, जेव्हा तो भरून काढणे अशक्य झालेले असते. सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या घरी चौथ्या दिवशी निरोप गेलाच पाहिजे, एवढी एक शिस्त पाळली तरी पुष्कळ मुले परत येतील.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ही शिस्त दिवाळीपूर्वीच सुरू व्हावी. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव आदी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ सारेच जाते. हंगामी वसतिगृहांच्या योजनेने काही मुलांची सोय होते. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर झाली. बैलगाडी जुंपल्यावर ही माहिती देऊन उपयोग नाही. मुकादमाकडून उचल घेतली जाते तो काळ शाळेला ठाऊक असतो. त्याच काळात पालकांची भेट घेऊन मुलाच्या राहण्याची सोय ठरवावी आणि थळावरच्या कोपीवर ज्या फोनवर निरोप पोचेल, तो क्रमांक लिहून घ्यावा.

निरोप कसा पोचवावा

अलीकडे बहुतेक शाळांनी भ्रमणध्वनीवर पालकांचे गट केले आहेत. साधन उत्तम आहे; परंतु ते पुरेसे आहे असे समजणे धोक्याचे ठरेल. घरातील फोन बहुधा वडिलांच्या अगर थोरल्या भावाच्या खिशात असतो. मुलीच्या अभ्यासाची चिंता वाहणाऱ्या आईपर्यंत संदेश पोचतच नाही. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी तर लिखित संदेश नसल्यासारखाच. सबब लेखी सूचनेबरोबर तोंडी निरोपाची जुनी वाट बुजू देता कामा नये. प्रत्येक वाडीवस्तीवरून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघांकडे निरोपाचे काम सोपविणे, बाजाराच्या दिवशी शिक्षकाने तासभर ठरलेल्या जागी बसणे, दूध संकलन केंद्रावर व रास्त भाव दुकानात सूचना लावणे, हे उपाय बिनखर्ची आहेत.

सूचनेची भाषाही विचारात घ्यावी. ‘उपरोक्त विषयान्वये पाल्याचे प्रपत्र विहित मुदतीत सादर करणे’ असे लिहिलेल्या चिठ्ठीने पालक गोंधळतो. ‘शनिवारपर्यंत तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढून मुलाजवळ शाळेत पाठवा’ हे त्यास तत्काळ समजते. पालक-सभेची वेळही मजुरीचा दिवस बुडणार नाही अशी हवी. दिवसाची मजुरी सोडून आलेल्या माणसाला तासभर भाषणे ऐकवू नयेत.

आणि काय सांगू नये, यालाही तितकेच महत्त्व आहे. सर्वांच्या देखत एकाच्या मुलाचे गुण वाचून दाखविणे अथवा थकलेल्या फीची नावे जाहीर करणे, ही वार्ता नव्हे. तो अपमान होय. असा एकदा खाली मान घालून गेलेला पालक पुन्हा शाळेची पायरी चढत नाही. प्रशंसा चारचौघांत करावी, उणीव एकांतात सांगावी.

पंचायतीचा वाटा

माध्यमिक शाळा आपल्या गावात नाही, म्हणून ती आपल्या कक्षेत नाही, असे पंचायतीने मानू नये. मुले आपल्या गावची आहेत. ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका होतात. त्यांपैकी प्रत्येक बैठकीत दहा मिनिटे ‘बाहेरगावी शिकणारी आपली मुले’ या विषयास द्यावीत : कितीजण जातात, कोणाचे जाणे थांबले, कशामुळे थांबले. एस. टी. ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल, रस्त्यावरील ओढ्याला पावसाळ्यात पाणी येत असेल, तर ते प्रश्न शाळा सोडवू शकत नाही. पंचायत सोडविण्यास मदत करू शकते.

मुलींच्या बाबतीत पंचायतीवर विशेष जबाबदारी आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ अन्वये अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा बालविवाह ठरतो, आणि ग्रामीण भागात त्यास प्रतिबंध करण्याचे अधिकार ग्रामसेवकाकडे, म्हणजेच आजच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, दिलेले आहेत. नववीतील मुलगी अकस्मात शाळेत येईनाशी झाली, ही गोष्ट सर्वप्रथम वर्गशिक्षकाला कळते. मांडव कोठे पडणार हे गावाला कळते. या दोन वार्ता वेळेवर एकत्र आल्या, तर एक आयुष्य वाचते. बालकांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक शाळेत आणि पंचायत कार्यालयात ठळकपणे लिहिलेला असावा, तो याच कारणासाठी.

वार्ता दोन्ही बाजूंची

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. शाळेने सांगावे आणि पालकाने ऐकावे, इतकेच हे नाते नाही. घरात आजारपण आहे, विहीर आटली आहे, वडील मुंबईस कामाला गेले आहेत, मुलगी बसस्टँडवर उभी राहावयास भिते, ही वार्ता पालकाकडून शाळेत आली पाहिजे. ती येण्यासाठी ऐकणारा माणूस लागतो. ज्या शाळेत पालकाला बसावयास खुर्ची दिली जाते आणि ‘तुमचे काय म्हणणे आहे’ असे विचारले जाते, तेथे तो बोलू लागतो.

येत्या सत्रापासून प्रत्येक माध्यमिक शाळेने, ज्या ज्या गावांतून तिचे विद्यार्थी येतात त्या गावांची यादी करावी. प्रत्येक गावासाठी एक शिक्षक नेमावा. त्या त्या पंचायतीने आपला एक सदस्य, शक्य तर महिला सदस्य, त्याच्या जोडीला द्यावा. आणि या दोघांनी दर महिन्यास एकदा गावात जाऊन बोलावे. यासाठी वेगळे अनुदान नको, नवी समितीही नको. कर्मवीरांच्या काळी घरोघर मूठभर धान्य जमले. तेवढ्याच नियमाने महिन्याकाठी थोडे बोलणे जमले, तर दूरची माध्यमिक शाळा पुन्हा गावाची होईल आणि नववीत गळणारी अनेक मुले दहावीच्या बाकावर बसलेली दिसतील.