रुमालात बांधलेली जनुके

आसिफाबादहून राजुऱ्याकडे निघालेल्या वाटेवर वांकिडी लागते. 1956 पर्यंत राजुरा व आसिफाबाद हे दोन्ही भाग हैदराबाद राज्यातील आदिलाबाद या एकाच जिल्ह्यात होते. भाषावार रचनेत राजुरा मुंबई राज्याकडे गेला, वांकिडी आंध्र प्रदेशात राहिली. 2014 मध्ये ती तेलंगणात आली आणि 2016 मध्ये आदिलाबादचे विभाजन झाल्यावर कुमुरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात गेली. सरहद्द अशी वारंवार आखली गेली. परंतु रक्ताच्या नात्यांनी ती मानली नाही. गोंड, कोलाम, परधान यांची कुळे दोन्ही बाजूंस आहेत, मराठी बोलणारी घरेही दोन्ही बाजूंस आहेत. आणि या कुळांबरोबर सरहद्दीच्या दोन्ही अंगांना एक आजारही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याचे नाव सिकलसेल.

या आजाराचे एक लक्षण असे आहे की, ते कळल्यावर विचारी माणूस थबकतो. बाळ जन्मते तेव्हा धडधाकट असते. अंगावर पिते, बाळसे धरते, हसू लागते. पाच-सहा महिने उलटतात आणि मग एखाद्या दिवशी त्याचे हातपाय सुजतात, ते कळवळून रडू लागते, डोळे पिवळसर दिसू लागतात, प्लीहा वाढते, ताप येतो. घरची वडीलधारी मंडळी नजर काढतात. दोष जन्मापासूनच शरीरात असतो, गर्भधारणेच्या क्षणापासून असतो. मग तो सहा महिने गप्प का बसतो?

हा प्रश्न 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी विचारला आणि उत्तरही जवळजवळ अचूक सुचवले. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचे असते. ते मातेच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यास अधिक समर्थ असते. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात हेच गर्भकालीन हिमोग्लोबिन पाऊणएक हिश्श्याने असते. पुढे ते ओसरत जाते, त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. सिकलसेलचा दोष आहे तो या प्रौढ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत. सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते, एवढाच काय तो फरक. पण त्या एका फरकामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून दोऱ्यांसारखे लांबत जातात आणि तांबड्या पेशीला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या ताठर पेशी आणि तो तुंबलेला प्रवाह यांचीच ती वेदना. गर्भकालीन हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीच नसते, तिच्या जागी गॅमा साखळी असते, आणि ती त्या दोऱ्या वळू देत नाही. म्हणजे निसर्गाने बाळाच्या हाती एक ढाल दिलेली असते आणि सहा महिन्यांच्या आत ती काढून घेतलेली असते.

काढून घेतलेली म्हणजे नष्ट केलेली नव्हे. गॅमा साखळीचे जनुक म्हाताऱ्या माणसाच्याही प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत, अकराव्या गुणसूत्रावर, बीटा जनुकाच्या शेजारीच जसेच्या तसे असते. ते वाचले मात्र जात नाही. ते का वाचले जात नाही, याचा उलगडा ज्या प्रथिनांमुळे झाला ती या व्याख्यानाचा विषय आहेत.

ज्यांनी पेशवे दफ्तर किंवा एखाद्या जुन्या संस्थानचे दफ्तर पाहिले असेल त्यांना रुमाल ठाऊक असतील. हजारो कागद चौकोनी कापडांत बांधून, गाठ मारून मांडणीवर रचलेले असतात. कागद सुरक्षित असतात. पण गाठ सोडल्याशिवाय एक अक्षरही वाचता येत नाही. पेशीतील व्यवस्था पुष्कळशी अशीच आहे. मानवी पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो डोळ्यांस न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर वळलेला असतो. ही प्रथिने जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी 1884 मध्येच शोधली होती. आठ हिस्टोनांची एक गुंडाळी आणि तिच्याभोवती पावणेदोन वेढे घेतलेला धागा, हे चित्र मात्र 1997 मध्ये कॅरोलिन ल्यूगर व टिमोथी रिचमंड यांच्या गटाने अणूंच्या पातळीवर स्पष्ट केले.

मधली कित्येक दशके हिस्टोन म्हणजे केवळ बांधणीचे साहित्य अशी समजूत होती. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी दाखवले की हिस्टोनांवर ॲसिटिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट चढतो आणि उतरतो, व त्याचा जनुकांच्या वाचनाशी संबंध असावा. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. बत्तीस वर्षांनी, 1996 मध्ये, डेव्हिड ॲलिस यांच्या प्रयोगशाळेने एका एकपेशीय जिवातून ॲसिटिल चढवणारे विकर वेगळे केले आणि ते जनुके चालू करणाऱ्या एका परिचित प्रथिनाचेच भावंड निघाले. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटिल उतरवणारे मानवी विकर शोधले. एकाच वर्षात गाठ सैल करणारा हात आणि गाठ आवळणारा हात, दोन्ही सापडले.

यातील रसायन अवघड नाही. हिस्टोनांच्या बाहेर डोकावणाऱ्या शेपटांवर लायसीन हे अमिनो आम्ल असते. त्यावर धनभार असतो, डीएनएवर ऋणभार. म्हणून दोघे एकमेकांस घट्ट धरतात. लायसीनवर ॲसिटिल चढले की धनभार नाहीसा होतो, पकड ढिली पडते, जनुक वाचता येते. मिथिल गटाचे काम थोडे निराळे. तो भार बदलत नाही. तो रुमालावर लावलेल्या चिठ्ठीसारखा असतो. तिसऱ्या क्रमांकाच्या हिस्टोनच्या चौथ्या लायसीनवर ही चिठ्ठी असली तर ‘वाचावे’, सत्ताविसाव्यावर असली तर ‘वाचू नये’. चिठ्ठी लावणारी विकरे निराळी, काढणारी निराळी, आणि ती वाचून पुढचे काम करणारी प्रथिने आणखी निराळी. दफ्तराचा दाखला येथे अपुरा पडतो, हेही सांगितले पाहिजे. कारण दफ्तरखान्यात कारकून एक असतो, आणि येथे शेकडो कारकून एकाच वेळी, एकमेकांच्या विरुद्धही, गाठी मारीत व सोडवीत असतात.

आता पुन्हा गॅमा जनुकाकडे येऊ. 2008 मध्ये विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवले की बीसीएल-11-ए नावाचे एक प्रथिन हे जनुक बंद ठेवते. ते एकटे काही करीत नाही. ते ॲसिटिल उतरवणाऱ्या विकरांसह अनेक प्रथिनांचा एक ताफा तेथे बोलावून आणते, आणि तो ताफा गाठ आवळून बसतो. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत प्रत्येक नवी तांबडी पेशी घडताना ही गाठ नव्याने मारली जाते. मग ती मारू न देण्याची काही युक्ती आहे काय?

अशा एका युक्तीचा धागा योगायोगाने हाती लागला होता. मधुमेही मातांच्या बाळांत गॅमाकडून बीटाकडे होणारी बदली लांबते, असे सुसान पेरीन व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये नोंदवले. कारण शोधता शोधता ब्युटिरिक आम्लाच्या कुळातील द्रव्यांवर संशय आला. ब्युटिरेट हे ॲसिटिल उतरवणाऱ्या विकरांना अडवते हे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कळलेच होते. 1993 मध्ये थोड्या रुग्णांवर ते शिरेतून देऊन पाहिले, तेव्हा गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढले. परंतु औषध सतत शिरेतून द्यावे लागे आणि परिणाम सर्वांत टिकत नसे. तो मार्ग तेथे अडला, तरी दार कोठे आहे ते समजले.

याच विकरांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गाठी सोडणारे किंवा मारणारे हात बिघडले तर जी रोगलक्षणे दिसतात त्यांची यादी लांब आहे. ॲसिटिल चढवणाऱ्या एका विकराच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर बालकाची वाढ व बुद्धी खुंटते आणि हाताचे अंगठे रुंद होतात. त्यास रुबिनस्टाइन-टायबी विकार म्हणतात. सत्ताविसाव्या लायसीनवर चिठ्ठी लावणारे विकर अतिउत्साही झाले तर लसिका ग्रंथींचा कर्करोग होऊ शकतो. ॲसिटिल उतरवणाऱ्या विकरांना अडवणारे पहिले कर्करोगविरोधी औषध, व्होरिनोस्टॅट, 2006 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आणि अपस्मारावर आपल्याकडे सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट याच विकरांना अडवते, हे 2001 मध्ये उघड झाले. गरोदरपणी ते घेतल्यास गर्भाला इजा होते हे त्याआधीच ठाऊक होते. एखादी गाठ सोडवू पाहणारे औषध शेजारच्या दहा गाठीही सोडवते, ही या क्षेत्रातील खरी अडचण आहे. सत्ताविसाव्या लायसीनवरील चिठ्ठी कमी करून गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या एका नव्या गोळीची सिकलसेलसाठीची चाचणी अमेरिकी नियामकांनी फेब्रुवारी 2023 मध्ये थांबवली होती. याच वर्गातील औषधांनी रक्ताचा कर्करोग उद्भवण्याची भीती होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कडक अटींवर ती पुन्हा सुरू झाली.

येथे हळदीचा उल्लेख टाळता येत नाही. बंगलोरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने 2003-04 च्या सुमारास काजूच्या टरफलातील तेलातून, कोकमातून आणि हळदीतून मिळणारी द्रव्ये ॲसिटिल चढवणाऱ्या विकरांना अडवतात असे दाखवले. संशोधन उत्तम होते. परंतु त्यावरून सिकलसेलच्या मुलाला हळदीचे दूध पाजावे असा निष्कर्ष कोणी काढील तर तो दुहेरी चूक करील. परीक्षानळीतील द्रव्य म्हणजे दुधातील चिमूट नव्हे, हे एक. आणि गॅमा जनुकासाठी ॲसिटिल चढवणाऱ्याला नव्हे, उतरवणाऱ्याला अडवायचे असते, हे दुसरे.

मग आज हाती काय आहे? हायड्रॉक्सीयुरिया. हे जुने, स्वस्त औषध गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते, हे 1995 मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. विदर्भात सिकलसेलची पहिली नोंद नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्ये केली, आणि त्याच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, शरीराच्या दर किलो वजनास 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी व ठरावीक मात्रेतही या औषधाचा मुलांना चांगला लाभ होतो असे दिसून आले. कमी मात्रेचे महत्त्व खेड्यात अधिक, कारण वारंवार रक्त तपासण्याची सोय तेथे नसते. भारतातील सिकलसेल रुग्णांत गर्भकालीन हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकी रुग्णांपेक्षा अधिक असते. गॅमा जनुकापाशी असलेल्या एका लहान फरकाचा त्यात वाटा आहे. यावरून आपल्याकडचा आजार सौम्य, असा समज बराच काळ रूढ होता. विदर्भातील मुलांच्या नोंदींनी तो खोटा ठरवला. सौम्य म्हणून हाताळलेल्या रोगाने किती मुले नेली असतील, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत आणखी एक उपचार मान्य झाला. त्यात बीसीएल-11-ए चे जनुक तांबड्या पेशींपुरते चालू ठेवणारा डीएनएचा एक तुकडा कापून निष्प्रभ करतात. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, संपादित करून, परत दिल्या जातात. गाठ मारणाऱ्या ताफ्याला बोलावणारा मुकादमच कामावर येत नाही. त्याची अमेरिकेतील किंमत 22 लक्ष डॉलर ठरली. वांकिडीतील शेतमजुराच्या घरी या आकड्याला काही अर्थ नाही, आणि तरीही त्या घरातील मुलाच्या पेशींत ते गॅमा जनुक त्या महागड्या रुग्णाच्या जनुकाइतकेच शाबूत आहे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेस आरंभ झाला. सतरा राज्यांत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. वाहक कोण हे कळले म्हणजे विवाह ठरवताना दोन वाहकांना धोक्याची कल्पना देता येते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक अपत्य रोगी होण्याचा संभव असतो. पण वाहक हा रोगी नव्हे. मुलगी वाहक निघाली म्हणून तिचे लग्न मोडणारे घर मुलाची तपासणी करीतच नाही, असे होऊ नये. तपासणीचा कागद त्या वेळी नजर काढण्याहूनही वाईट ठरतो.

सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे त्याहून तातडीचे काम आहे ते नवजात बालकांचे. जन्मतः बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून निदान होते, आणि त्यानंतर ढाल ओसरण्यास काही महिने असतात. त्या अवधीत पेनिसिलिन सुरू करता येते, न्यूमोकोकसची लस टोचता येते, पोटावर हात ठेवून प्लीहा कशी चाचपावी हे आईला शिकवता येते. नाव वांकिडीच्या नोंदवहीत असो की राजुऱ्याच्या, बाळ सहा महिन्यांचे होण्याआधी ते कोणीतरी लिहिलेले असावे लागते.