ठिणगीची वेळ



कविसंमेलनात माझी ओळख करून देताना लोक पुस्तकांची नावे सांगतात, बी.ए.ची पदवीही सांगतात. त्या पदवीनंतर चार वर्षे मी शारजाच्या औद्योगिक वस्तीत एका गॅरेजमध्ये होतो, हे कुणी सांगत नाही. मीही फारसे सांगत नाही. आज सांगणार आहे, कारण तिथे माझ्या हातून झालेली एक चूक दर उन्हाळ्यात मला आठवते.

गाडीचे काम मी चिपळूणला मामूंकडे शिकलो. त्यांच्या दोन प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी होत्या. इंजिनाचे टायमिंग मामू कानाने लावत. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, तो हाताने किंचित फिरवायचा आणि गाडी कुंभार्ली घाटात न्यायची. चढावर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, की ठिणगी फार लवकर पडते आहे असे समजायचे. मग डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घ्यायचा. झाले काम. हे कसब घेऊन मी शारजाला गेलो आणि त्याचा मला गर्वही होता.

हे टायमिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. पण ते एकदम पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात इंजिन थांबून राहत नाही. मिनिटाला ३००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरते. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. किती आधी, हा सगळा प्रश्न.

१९९३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक साब ९०० टर्बो आली. स्वीडनची गाडी, बारा-तेरा वर्षे वापरलेली. एका सुदानी शिक्षकाने ती जुन्या बाजारात हौसेने घेतली होती. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चक्रे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर एक चक्र फिरते आणि त्याच्या जोरावर दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना खालचे टोक हाताला गरम लागते, तसे. बाहेर ४५ अंश असताना टर्बोतून इंजिनात जाणारी हवा सहज शंभर अंशांच्या वर जाते. नंतरच्या गाड्यांत ही हवा थंड करणारा इंटरकूलर आला. या गाडीत तो नव्हता.

शिक्षकाची तक्रार एवढीच होती, की गावात गाडी मंद चालते. उस्ताद त्या दिवशी दुसऱ्या कामात होते. ते कराचीचे, साठीच्या घरातले. फजरची नमाज आटोपून आम्ही गॅरेज उघडत असू. त्या गारव्यात मी साबचे बॉनेट उघडले. या गाडीचे इंजिन उलटे बसवलेले असते. पहिला सिलिंडर मागे, काचेच्या बाजूला; क्लच आणि फ्लायव्हील पुढे. टायमिंगची खूण त्या फ्लायव्हीलवर. टायमिंग लाइट लावून ती बघायची, एवढेच काम होते. मी लाइट लावलाच नाही. मामूंसारखा कान लावला, डिस्ट्रिब्युटर पुढे घेतला आणि आवारात एक चक्कर मारली. गाडी चपळ झाली. खड्यांचा आवाज नाही. शिक्षक खूश, मीही खूश.

आवाज येणार कुठून? आवारात टर्बो जोरात फिरतच नव्हता. घाटाचा चढ नव्हता, दुपारचे ऊन नव्हते. पद्मिनीला टर्बो नव्हता, म्हणून मामूंचा हिशेब बरोबर होता. तोच हिशेब मी जागा आणि यंत्र न बघता इथे लावला.

दोन दिवसांनी भर दुपारी शिक्षक बायको आणि लहान मुलीला घेऊन फुजैराला निघाले. मसाफीच्या बाजूला डोंगराचा चढ लागतो. काचा बंद, एसी चालू, कॅसेट लावलेली. इंजिन ओरडत असेल, पण कुणाला ऐकू येणार? चढावर निळा धूर निघाला, ताकद गेली आणि गाडी थांबली. मुलीला सावली नव्हती. जवळचे पाणी संपले. तासाभराने एका पाण्याच्या टँकरवाल्याने त्यांना उचलले. मुलगी निपचित झाली होती. रात्री ती सावरली, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले. ती मधली रात्र मी कशी काढली, ते सांगत नाही.

उस्तादांनी इंजिन उघडले. तिसऱ्या पिस्टनची कड वितळून तुटली होती आणि प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि आतली ज्योत २००० अंशांच्या वर असते. तरी पिस्टन टिकतो, कारण धातूला लागून वायूचा एक पातळ थर असतो, तो झळ अडवतो. ठिणगी फार लवकर पडली, की कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते. तोच तो खड्यांचा आवाज. त्या हादऱ्यांनी हा थर निघून जातो आणि आग थेट धातूला भिडते.

उस्तादांनी विचारले, ‘‘टायमिंग किती ठेवलं होतंस?’’

मी म्हणालो, ‘‘खुणेवर.’’

ते काही बोलले नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी त्यांनी आधीच्या कामात स्वतः ओढलेली एक रेघ होती. ती आता आपल्या जागेवर नव्हती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘जुबान से नहीं, निशान से बोल.’’ मग शिक्षकांना त्यांनी सरळ सांगितले, की चूक गॅरेजची आहे. माझे नाव घेतले नाही. तीन महिने माझा पगार मात्र कापला.

गाडी पुन्हा उभी राहिली तेव्हा मला वाटले, आता टायमिंग जितके मागे तितके बरे. ते उस्तादांनी ओळखले. एका रात्री त्यांनी गॅरेजचे दिवे मालवले, टायमिंग मुद्दाम बरेच मागे घेतले आणि इंजिन काही मिनिटे वेगात चालवले. धूर जाण्याची ओतीव नळी आणि टर्बोचे घर अंधारात लाल दिसू लागले. ठिणगी उशिरा पडली, तर आग सिलिंडरमधले आपले काम संपायच्या आधीच बाहेर पडते आणि सगळी उष्णता टर्बोवर ओतते. लवकर पेटवली तर पिस्टन जातो, उशिरा पेटवली तर टर्बो. उष्णता नाहीशी होत नाही. ती कुठे जाईल, एवढेच आपल्या हातात असते.

मग त्यांनी ते काम मला क्रमाने करायला लावले. इंजिन आधी पुरते गरम करायचे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे. लाइट लावून पुस्तकातल्या आकड्यावर खूण आणायची. पेट्रोल हलके वाटले तर एक-दोन अंश मागे, त्याहून नाही. रेडिएटर साफ, पंखा चालू, तेल वेळेवर. तिथे पुष्कळ जण उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकत. उस्ताद तो काढू देत नसत. आणि लांबून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही. टर्बोचा दांडा तेलावर फिरतो. तापल्या टर्बोतले तेल थांबले, की ते तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवायचे.

साब कंपनीचे २०११ मध्ये दिवाळे निघाले. पण छोटे टर्बो पेट्रोल इंजिन आज आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही असते. त्यात इंजिनाला चिकटवलेला सेन्सर तो खड्यांचा आवाज ऐकतो आणि संगणक ठिणगी आपोआप मागे घेतो. डिस्ट्रिब्युटर फिरवायची सोय उरलेली नाही. तरी घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवण्याची सवय मी मुलाला लावली आहे.

गाडी न्यायला शिक्षक आले, तेव्हा त्यांनी मलाच शेजारी बसायला सांगितले. मागे त्यांची मुलगी होती. चूक कुणाची, हे त्यांना कळले होते की नाही, मला माहीत नाही. दुपारचे दोन वाजले होते. आम्ही मसाफीच्या रस्त्याला लागलो. चढ सुरू झाल्यावर त्यांनी एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि माझ्याकडे बघितले. भट्टीसारखा वारा आत आला. मी कान देऊन ऐकत राहिलो. टर्बोची शीळ वाढत गेली. खड्यांचा आवाज आला नाही.

माथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. किल्लीकडे हात गेला तसे मी म्हणालो, ‘‘थोडं थांबा.’’ मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. आम्ही तिघे पाणी प्यालो आणि मग इंजिन बंद केले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)