पत्रीची ओळख हीच पूजेची पूर्वतयारी



अष्टविनायकांतील रांजणगावचा महागणपती हे महाराष्ट्राचे श्रद्धास्थान. त्रिपुरासुराच्या वधापूर्वी साक्षात शिवशंकरांनी येथे गणेशाची आराधना केली, अशी या क्षेत्राची आख्यायिका आहे. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील याच परिसरात आज मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. अशा स्थानी गणेशपूजेतील पत्रीचा विचार करणे उचित ठरेल.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पार्थिव गणेशाला २१ प्रकारची पत्री वाहतात. तीत बांधावरच्या दूर्वा, माका, आघाडा आहेत. रुई, धोत्र्यासारख्या विषारी वनस्पती आहेत. बेल, शमी, पिंपळ हे वृक्ष आहेत आणि थेट हिमालयातील देवदारही आहे. एरवी गणपतीस वर्ज्य असलेली तुळसही या दिवशी चालते. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो, त्यालाही देवाच्या चरणी स्थान आहे!

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आघाड्याच्या काडीने दात घासावेत, बैलाच्या श्रमाचे धान्य टाळून परसातील भाज्या व कंद यांवर राहावे, असे हे व्रत. अरण्यवासी ऋषींचे जीवन गृहस्थाने एक दिवस तरी अनुभवावे, हाच त्यामागील भाव.

हीच दृष्टी देवराईतही दिसते. देवाच्या नावाने राखलेल्या रानाला गावाने कुऱ्हाड लावली नाही. सह्याद्रीतील अशा देवरायांचा डॉ. माधव गाडगीळ व प्रा. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात शास्त्रीय अभ्यास केला आणि जुन्या श्रद्धेचे मोल विज्ञानानेही मान्य केले.

आज चित्र काय आहे? पत्रीची जुडी बाजारातून येते. तीत कोणती पाने आहेत, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पाने वाटली जातात आणि खऱ्या आपट्याच्या फांद्या निर्दयपणे ओरबाडल्या जातात. ज्या पूजेने वनस्पतींची ओळख करून द्यायची, तीच त्यांच्या मुळावर यावी, हा विपर्यास होय.

उपाय घरातच आहे. ओळख नसलेले पान न वाहता भक्तिभावाने दूर्वांची एक जुडी वाहावी. मुलांना पावसाळ्यात रानात नेऊन आघाडा, माका दाखवावा. प्रत्येक मंदिराच्या आवारात पत्रीतील चार झाडे लावून जगवावीत. जे पान आपण जोपासले, तेच देवाला वाहण्याचा खरा अधिकार आपल्याला आहे.